सप्रेम भेटीचा सातबारा

दिवाळीच्या सुमारास मराठी कुटुंबांत वस्तूंची जी उलाढाल होते तिचे दप्तर कोणी तपासावयास घेतले, तर त्यास असे आढळून येईल की, मिठाईचा पुडा, सुकामेव्याची पेटी, अत्तराची कुपी आणि काचेच्या सहा पेल्यांचा संच या चार चिजा एका घरातून दुसऱ्या घरात व दुसऱ्यातून तिसऱ्यात अशा अखंड फिरत राहतात, आणि त्यांपैकी पेल्यांचा संच तर पुष्कळदा मूळ दात्याच्याच दारी, त्याच वेष्टनात व त्याच फितीसह, सुखरूप परत येतो. या चिजा देताना देणाऱ्याच्या मनात शंका येत नाही आणि घेताना घेणाऱ्याच्या मुद्रेवर विकार उमटत नाही. कारण काजू हा कोणाच्या बुद्धीविषयी, स्वभावाविषयी अथवा गतचरित्राविषयी कसलेही मत व्यक्त करीत नाही.

पुस्तकाचे तसे नाही. पुस्तक भेट देणे म्हणजे घेणाऱ्याविषयीचा आपला अभिप्राय पक्क्या बांधणीत आणि छापील किमतीसह त्याच्या स्वाधीन करणे होय, आणि तो अभिप्राय अनुकूल असल्याचे दाखले विरळा. संतापी मामांना पाडव्याच्या दिवशी मनःशांतीवरील ग्रंथ अर्पण केला असता मामा प्रथम ग्रंथाच्या नावाकडे, मग भाच्याकडे आणि शेवटी ग्रंथाच्या वजनाकडे पाहतात, आणि ही तिसरी दृष्टी ओळखून भाचा नमस्कारास न वाकता दोन पावले मागे सरतो. वहिनींना योगासनांचे सचित्र पुस्तक देणाऱ्या दिराला त्या घरी पुढील वर्षभर बिनसाखरेचा चहा मिळतो, व "तुम्हालाच प्रकृतीची काळजी म्हणून" असा त्यावर खुलासाही मिळतो.

बालकांच्या बाबतीत समाजाने हा प्रश्न फार पूर्वी एकमताने निकालात काढलेला आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेली 'श्यामची आई' ही मुंजीत, वाढदिवसास, शिष्यवृत्ती मिळाल्याबद्दल, ती न मिळाल्याबद्दल आणि वक्तृत्वस्पर्धेतील उत्तेजनार्थ पारितोषिक म्हणून अशी निरनिराळ्या मार्गांनी एकाच मुलाकडे येत राहते. ज्या घरात या पुस्तकाच्या तीन प्रती जमा झाल्या आहेत त्या घरातील आई त्यांपैकी एकही वाचीत नाही, कारण ते मुलाने वाचावयाचे आहे अशी तिची दृढ समजूत असते; आणि मुलगाही वाचीत नाही, कारण नावावरून ते आईचे आहे हे त्याला उघड दिसत असते. तीच गत वृद्धांच्या वाट्यास येणाऱ्या 'गीतारहस्या'ची. लोकमान्यांनी हा ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात, शिसपेन्सिलीने, चार-पाच महिन्यांत हातावेगळा केला, आणि १९१५ साली तो छापून निघाल्यापासून सेवानिवृत्तीच्या समारंभात शाल आणि श्रीफळ यांच्यासमवेत तो अनेकांच्या हाती पडला. त्यांपैकी शाल पहिल्याच थंडीत उपयोगात येते, श्रीफळ तर दुसऱ्याच दिवशी आमटीत पडते. मात्र जो ग्रंथ लिहिण्यास कर्त्याला एक हिवाळा पुरला, तो वाचण्यास सर्व सवड प्राप्त झालेल्या सत्पुरुषाला उर्वरित आयुष्यातील सगळे हिवाळे पुरत नाहीत, आणि त्याच्या पश्चात मुलगा तो ग्रंथ उघडतो तेव्हा खूणचिठ्ठी विषयप्रवेशाच्याही अलीकडे, प्रस्तावनेत, निष्ठेने उभी असलेली सापडते.

भेट मिळालेल्या पुस्तकाचे पहिले पान म्हणजे त्याचा सातबारा होय, असे आमचे पुष्कळ निरीक्षणान्ती झालेले मत आहे. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना सात हा जमीन कोणाची ते सांगतो आणि नमुना बारा हा तिच्यात पिकले काय ते सांगतो, व या दोहोंत नेहमी मेळ असतोच असे नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानावर "चि. सौ. कां. हिला विवाहप्रीत्यर्थ सप्रेम भेट" असा जो मजकूर निळ्या शाईत, किंचित वर चढत जाणाऱ्या ओळींत लिहिलेला असतो, तो झाला नमुना सात, आणि आतल्या पानांवर जे चहाचे गोल, दुमडलेले कोपरे, दुधाचा हिशेब, पिंपळाचे जाळीदार पान आणि क्वचित पेन्सिलीने मारलेली रेघ सापडते, तो नमुना बारा. भेटीच्या पुस्तकांपैकी बहुसंख्यांचा नमुना सात अत्यंत समृद्ध असून नमुना बारावर 'पडीक' एवढीच नोंद असते. इंग्रजांनी तर या महसुली व्यवस्थेत आणखी एक सुधारणा करून ठेवली होती. लंडनमध्ये रूडॉल्फ आकरमान नावाच्या जर्मनीहून आलेल्या प्रकाशकाने १८२२ च्या नोव्हेंबरात, येणाऱ्या नाताळावर व नववर्षावर नजर ठेवून, 'फर्गेट मी नॉट' नावाचे एक नाजूक वार्षिक काढले, आणि त्यात देणाऱ्याचे व घेणारीचे नाव घालण्यासाठी एक सुशोभित जागा प्रारंभीच छापून ठेवली. म्हणजे सातबाऱ्याची कोरी फर्द पुस्तकातच बांधून दिली. पुढे अशा वार्षिकांचे इतके पीक आले की, विलायतेतील दिवाणखान्यांच्या मेजांवर चहाचे पेले ठेवावयास जागा उरली नसावी. ती वार्षिके वाचली किती गेली हा प्रश्न मात्र, सभ्य समाज असल्यामुळे, कोणी फारसा विचारला नसावा.

भेटीदाखल मिळूनही ज्याची जमीन सदैव बागायत राहिली असे एकच पुस्तक आमच्या पाहण्यात आहे. ते म्हणजे कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा'. १९७० साली हे पुस्तक निघाले आणि लग्नघरात आलेल्या सर्व आहेरांत वरपक्षाच्या खऱ्याखुऱ्या हिताचा असा तोच एक आहेर ठरला. ग्रॅम आणि औंस यांच्या कचाट्यात न सापडता वाटी व चमचा या सर्वमान्य मापांनी या बाईंनी स्वयंपाकाची जी मोजणी करून ठेवली, तिच्यामुळे चहापलीकडे काही न येणाऱ्या नववधूही पहिल्या दिवाळीत चकलीस हात घालत्या झाल्या. या पुस्तकाच्या कोणत्याही जुन्या प्रतीचा नमुना बारा पाहावा: पुरणपोळीच्या पानावर तूप, पंचामृताच्या पानावर गूळ, लोणच्याच्या पानावर हळदीचे बोट, आणि ज्या पदार्थाचा एकदा प्रयोग होऊन तो मंडळींनी मुकाट्याने गिळला त्याच्यापुढे एक लहानशी निःशब्द फुली. न्यू जर्सीच्या बर्फात संसार मांडावयास निघालेल्या कन्येच्या पेटीत ही प्रत आईने स्वतःच्या हाताने ठेवली, असेही अनेक घरांतून घडले आहे, आणि पेटीचे वजन मर्यादेबाहेर गेले तेव्हा बाहेर निघाली ती कवितासंग्रहाची सप्रेम भेट.

उरलेल्या पडीक पुस्तकांचे पुढे काय होते, याचा शोध घेणाऱ्याने मुंबईस हुतात्मा चौकाच्या पदपथावर एखादी संध्याकाळ उकिडवे बसून घालवावी. तेथे ओळीने मांडलेल्या जुन्या पुस्तकांत ज्यांचे पहिले पान वरच्या कोपऱ्यात चतुराईने फाडलेले आहे, ती सर्व एकेकाळची सप्रेम भेट समजावी. काही प्रतींत हा फेरफार करण्याइतकीही तसदी मूळ खातेदाराने घेतलेली नसते, आणि "माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय मैत्रीस" ही अक्षरे विक्रेता निर्विकारपणे आपल्यापुढे धरून, पान कोरे नसल्याबद्दल दहा रुपये कमी करतो.

देण्याची रात्र आणि वाचण्याची रात्र यांच्यामध्ये अंतर पडते, हे या नापिकीचे मुख्य कारण असावे. आइसलंड नावाच्या उत्तरेकडील बेटावर हे अंतरच तेथील लोकांनी नाहीसे करून टाकले आहे. १९४४ साली, म्हणजे ज्या वर्षी १७ जून रोजी ते राष्ट्र प्रजासत्ताक झाले त्याच वर्षी, महायुद्धामुळे परदेशी मालाच्या आयातीवर सर्वत्र निर्बंध होते. कागदावर मात्र ते त्या मानाने सैल होते. तेव्हा नाताळात द्यावयाचे काय, या पेचावर तेथील प्रकाशकांनी पुस्तके हा तोडगा काढला, नव्या पुस्तकांची यादी छापून ती घरोघर पाठविण्याची वहिवाट पाडली, आणि ती पुढे इतक्या जोराने चालली की, नाताळापूर्वीच्या त्या मोसमाला 'योलाबोकाफ्लोद', म्हणजे नाताळातील पुस्तकांचा महापूर, असेच नाव पडले. २४ डिसेंबरच्या संध्याकाळी पुस्तके उघडावयाची, आणि त्याच रात्री अंथरुणात शिरून, बाजूस चॉकलेट ठेवून, ती वाचावयास घ्यावयाची. एवढी तत्परता त्या लोकांच्या अंगी कोठून आली, हे कोडे तेथील हवामान पाहिले म्हणजे उलगडते. डिसेंबरअखेर रेक्याविक शहरी सूर्य अकरा वाजल्यानंतर कधीतरी कार्यालयात हजर होतो आणि साडेतीनच्या सुमारास घरी जातो. इतका अंधार आणि इतके हिम असता मनुष्य वाचणार नाही तर काय करील? शिवाय ज्याला नाताळात नवे वस्त्र मिळाले नाही त्याला एक अजस्र मांजर खाऊन टाकते, अशी तिकडील लोककथा आहे. तेव्हा बाहेर फिरावयास जाण्यातही जोखीम आहेच.

या महापुराचे गोडवे हल्ली आपल्याकडेही ऐकू येतात, आणि अमुक एक गोष्ट आपल्याकडे का नाही, असा जो सात्त्विक खेद सुशिक्षितांस अधूनमधून होत असतो, तो यानिमित्तही होतो. वस्तुतः या दाव्यात ज्येष्ठता आपली आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र या गृहस्थांनी, जे जन्माने आजगावकर असून केवळ बंगालीच्या प्रेमाने मित्र झाले होते, १८९५ साली 'मनोरंजन' मासिक काढले. आणि इंग्रजी मासिकांचे नाताळ विशेषांक पाहून, त्यांना नाताळ तर आम्हाला दिवाळी, अशा सरळ हिशेबाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक सिद्ध केला. ज्या विलायतेत १८४३ च्या १९ डिसेंबरास चार्ल्स डिकन्सची नाताळकथा निघून नाताळच्या पूर्वसंध्येपर्यंत तिच्या सहा हजार प्रती उडाल्या होत्या, त्या विलायतेकडून सणाच्या वाचनाचे हे बियाणे आले हे मान्य. पण आइसलंडच्या आधी पस्तीस वर्षे ते आपल्याकडे रुजले होते, आणि आपण त्या राष्ट्राकडे अद्याप हक्काची नोटीस धाडलेली नाही, हा आपला सौजन्याचा भाग आहे.

दिवाळी अंकाचा विशेष असा की, त्यास नमुना सात नाही. तो कोणी "सप्रेम भेट" असे लिहून देत नाही, कारण तो आपल्या हातून पुढे जाणार हे देणाराही जाणून असतो. शेतीची भाषा चालू ठेवावयाची तर दिवाळी अंक म्हणजे गावचे गायरान. त्यात आजोबांपासून पाहुण्याच्या मुलापर्यंत कोणीही केव्हाही चरावे, आणि म्हणूनच ते पडीक राहत नाही. घरात अंक आला की प्रथम सर्वजण वार्षिक राशिभविष्य वाचतात, व त्यावर आपला विश्वास नसल्याचे एकमेकांस सांगतात. आजी पाककृतींवर कब्जा करते आणि "यात काय नवीन!" असा निकाल देऊन तीच कृती संध्याकाळी करून पाहते. 'आवाज'मधील खिडकीचित्रे मुलांच्या नजरेस पडण्याजोगी आहेत की नाहीत, याची चौकशी कुटुंबप्रमुख स्वतः करतात. खिडकी उघडून आत पाहतात, आत काहीच आक्षेपार्ह नाही याबद्दल किंचित निराश होतात, आणि चौकशी परिपूर्ण व्हावी म्हणून पुन्हा उघडतात. कथा सावकाश, कार्तिक उलटल्यावर वाचल्या जातात. कविता, संपादकाची भीड म्हणून, चाळल्या जातात. आणि सराफांच्या व मसालेवाल्यांच्या जाहिराती मात्र आदरपूर्वक पाहिल्या जातात, कारण अंक निघाला तो त्यांच्या जिवावर हे सर्वांस ठाऊक असते. गावोगावची वाचनालये दिवाळीत ठरावीक वर्गणी घेऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत हवे तितके अंक बदलून देण्याची योजना काढतात, आणि त्या काळात वाचनालयाच्या पायरीवर "तो अंक आला का हो?" या प्रश्नाला "आत्ताच गेला" हे जे एकमेव उत्तर मिळत असते, त्याने मराठी मनुष्याची चिकाटी जितकी वाढली आहे तितकी व्यायामशाळांनीही वाढली नसेल.

आता थंडीविषयी. आइसलंडच्या मानाने आपला हिवाळा म्हणजे केवळ उपचार असला, तरी त्याचे स्वागत आपण ज्या गांभीर्याने करतो त्यास तोड नाही. निफाडचा पारा उतरल्याची वार्ता दरवर्षी वृत्तपत्रांत येते. तेथे द्राक्षमळ्यांतून वेलींना ऊब मिळावी म्हणून शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवतात, आणि ती थंडी खरी, कारण तीत पैशाचे नुकसान आहे. मुंबईकराची थंडी ही मात्र भावनिक आहे. सकाळी अंगावर वारा किंचित गार लागला की तो कानटोपी घालतो, लोकलच्या दारात उभा राहून "या वर्षी जरा जास्तच आहे" असे शेजाऱ्यास म्हणतो, आणि दुपारी तीच टोपी खिशात कोंबून घाम पुसतो. असे असले तरी पुस्तकासह गोधडीत शिरण्याचा हक्क त्याला अवश्य आहे, आणि डिसेंबरातील एखादी रविवार दुपार, पंखा मंद फिरत ठेवून वर गोधडी घेऊन, तो हक्क तो बजावतो.

पुण्याकडे, सातारा-महाबळेश्वराकडे हे काम अधिक शास्त्रशुद्ध रीतीने चालते. महाबळेश्वरच्या वाटेवर पाचगणीजवळचे भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव २०१७ च्या मे महिन्यात शासनाने पुस्तकांचे गाव म्हणून जाहीर केले, आणि घराघरांतून पुस्तके मांडली. कडक थंडीत परक्याच्या ओसरीवर बसून, न विकत घेतलेले आणि न भेट मिळालेले पुस्तक वाचण्याची सोय सरकारी खर्चाने व्हावी, हे राज्यकारभारातील एक दुर्मीळ रसिक कृत्य मानले पाहिजे. घरी मात्र प्रत्येकास स्वतःचा बंदोबस्त करावा लागतो. गोधडीत पडून वाचणाऱ्याचे सर्व शरीर सुखात असते आणि पुस्तक धरणारा हात तेवढा हद्दपार झालेला असतो. उजवा हात गारठला की डाव्याची नेमणूक करावी लागते. डावा पान उलटू शकत नाही. पान उलटण्यास उजव्याला पुन्हा बाहेर काढले की तो सरकत्या गोधडीखालून थंड हवेचा एक लोट आत घेऊन येतो, आणि त्यामुळे अंथरुणातील सहनिवासी व्यक्तीच्या झोपेचा भंग होऊन तिच्याकडून जी टीका होते, तीत लेखकाचाही समावेश असतो. कुशीवर वळून वाचावे तर दिवा पाठीशी पडतो. पालथे वाचावे तर मान अवघडते. उताणे वाचावे तर डोळा लागताच पुस्तक नाकावर येते, आणि ते 'मृत्युंजय' असल्यास कर्णाचा प्रताप प्रत्यक्ष अनुभवास येतो. उशाशी डिंकाचा लाडू ठेवला असता या श्रमांचा परिहार होतो, मात्र त्याच्या तुपाचा डाग तिसऱ्या पानापर्यंत झिरपतो. तो नमुना बारावर इमानाने नोंदला गेला असे समजून पुढे वाचावे.

यापेक्षा बिकट प्रश्न दिव्याचा. दिवा मालवण्यास उठणार कोण, यावर अनेक सुखी संसारांत दरसाल मार्गशीर्षात वाटाघाटी होतात. "एवढे प्रकरण संपले की मालवतो" असा तह होतो. परंतु प्रकरण म्हणजे काय याची व्याख्या तहनाम्यात नसल्याने एक पक्ष पुढच्या प्रकरणाला याच प्रकरणाचा उत्तरार्ध ठरवितो, दुसरा पक्ष पांघरूण ओढून घेतो, आणि सरहद्दीवरील वातावरण पहाटेपर्यंत तंग राहते.

असे जे पुस्तक नाक, मान आणि गृहशांती पणाला लावून वाचले जाते, ते बहुधा मागून आणलेले असते, ही गोष्ट आमचे एक सेवानिवृत्त शिरस्तेदार स्नेही फार वर्षांपासून प्रतिपादीत आले आहेत. त्यांचे म्हणणे असे की, १९४८ च्या कूळकायद्याने जे तत्त्व जमिनीस लावले, तेच पुस्तकास लावले पाहिजे; आणि १ एप्रिल १९५७ रोजी जसे प्रत्यक्ष कसणारे कूळ त्या जमिनीचे मानीव खरेदीदार ठरले, तसा जो पुस्तक प्रत्यक्ष वाचतो तो त्याचा मानीव खरेदीदार ठरला पाहिजे. आमच्या वाढदिवसाला भेट मिळालेले एक प्रवासवर्णन आम्ही कपाटात पडीक ठेवलेले पाहून त्यांनी ते वाचावयास म्हणून नेले, हिवाळ्यामागून हिवाळे त्याची मशागत केली, समासात आपली टिपणे पेरली, आणि आम्ही ते परत मागितले तेव्हा पहिल्या पानावरील आमच्या नावाखाली 'इतर अधिकार' असे सदर आखून त्यात त्यांनी स्वतःचे नाव लावून घेतल्याचे निदर्शनास आले. वाद त्यांच्या पत्नीच्या न्यायाधिकरणापुढे गेला. न्यायाधिकरणाने चहा देऊन उभय पक्षांचे ऐकून घेतले, आणि पुस्तक कुळाकडेच ठेवून त्याची किंमत दरसाल एक दिवाळी अंक या प्रमाणे हप्त्यांनी चुकती करावी, असा निवाडा दिला.

यंदाचा हप्ता मार्गशीर्षात आला. अंकावर चहाचा एक गोल होता, शब्दकोडे शाईने सोडविलेले होते, आणि आत टाचणीने लावलेल्या चिठ्ठीत, जावक क्रमांक घालून, पुढीलप्रमाणे लिहिले होते: "सा. न. वि. वि. हप्त्यापोटी अंक एक सोबत रवाना केला आहे. शब्दकोड्याचे पीक आम्ही काढून घेतले आहे, त्याबद्दल तक्रार चालणार नाही. भविष्याचे पान सौ.स हवे असल्याने ते काढून ठेवले आहे. अंक मिळाल्याची पोच द्यावी, आणि वाचून झाल्यावर अंक पौषअखेर परत करावा. पुढील वर्षाचा हप्ता त्यातूनच भरावयाचा आहे."